खाऱ्या पाण्याची आंघोळ

कोलशेत गाव
१५ जानेवारी २०२५

महिपत,

आशीर्वाद. राग असला तरी मोठ्या बहिणीला ते द्यावेच लागतात, म्हणून दिले.

तू फोन उचलत नाहीस. आधी मला वाटलं, डोंबिवलीत रेंज नसेल. मग समृद्धीनेच सांगितलं, "आत्या, पप्पा तुझं नाव बघतात आणि फोन उलटा करून ठेवतात." म्हणून हे पत्र. कागद उलटा ठेवलास तरी पाठीमागे मजकूर आहेच, दोन्ही बाजूंनी लिहिते आहे. सगळी नोकरी म्युनिसिपालिटीच्या शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवण्यात गेली. कोणी मला पत्र पाठवलं नाही ही गोष्ट वेगळी.

सोबत तिळगूळ आहे. तो खा. गोड बोलायची सक्ती नाही.

समृद्धीचं लग्न ठरलं हे मला समृद्धीकडून कळलं. मुलगा कल्याणचा, ऋतुराज नाव, कॉम्प्युटरमध्ये काहीतरी करतो, एवढंही तिनेच सांगितलं. सख्ख्या भावाच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न, आणि आत्याला बातमी मुलीनेच द्यायची! असो. पोरीने दुसरी जी गोष्ट सांगितली तिच्यासाठी मी सगळं माफ करायला तयार आहे. ती म्हणाली, "आत्या, मी सासरी बापूआजोबांच्या गाडीतूनच जाणार. पप्पांनी मोठी एसी गाडी बघितली आहे, पण मी नाही बसणार."

तुझ्या पोटी हे रत्न कसं आलं ते देवच जाणे. आपल्या घरातली प्रत्येक मुलगी त्या पांढऱ्या पद्मिनीतून गेली आहे. मिठागराचं काम सुटल्यावर बापूंनी ती घेतली तेव्हापासून दगडूकाकाच्या तिघी गेल्या, आवडाआत्याची ऋजुता गेली. समृद्धी ही शेवटची. तिच्यानंतर आपल्याकडे पाठवायला मुलगीच नाही.

आता तू म्हणशील, ती गाडी कुठे चालण्यासारखी राहिली आहे. बापूंच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी, पानं उठायच्या आत, तू दारात भंगारवाला आणून उभा केलास. मी जॅकचा दांडा हातात घेतला हे खरं आहे. पण मारला नाही, नुसता दाखवला. तो माणूस टेम्पो सोडून का पळाला ते त्यालाच विचार. आणि जाताना तू म्हणालास, "ताई, तू गाडी नाही, गंज सांभाळतेस." ते वाक्य माझ्या कानात अजून तसंच आहे.

तर ऐक. तुझ्या त्या गंजाला मी रोज सकाळी आंघोळ घालते. रोज म्हणजे रोज, तापात सुद्धा. बादल्यांमागून बादल्या, वरून, खालून, चाकांच्या आतून. मग पुसून वर ताडपत्री, कडेने दोरी आवळून, धूळ म्हणून आत जायला नको. दारांच्या खालच्या कडेला कुठली तरी बारीक भोकं होती, तिथून मुंग्या आत जायच्या. ती मी एमसीलने बुजवली. तुझी सोसायटीतली गाडी महिन्यातून एकदा तरी धुतोस का रे?

तर मी समृद्धीला शब्द दिला आहे. गाडी येणार.

तुझी मोठी (हे विसरू नकोस) बहीण,
कांता

ता. क. हल्ली वळणावर गाडीतून डचमळल्यासारखा आवाज येतो. पेट्रोलची टाकी असावी. काळजीचं कारण नाही.


कोलशेत गाव
४ फेब्रुवारी

महिपत,

परवा साखरपुड्याला मी आले नाही. समृद्धीला फोनवर सांगितलं की पाय मुरगळला. पाय ठणठणीत आहे.

तुला वाटलं असेल, ताई रुसली. समृद्धीच्या आईला, रतनलाही तसंच वाटलं असेल, आणि तुझ्या व्याह्यांना तू काय सांगितलंस कोण जाणे. मी रुसले असते तर आधी येऊन, जेवून, मग रुसले असते. खरं काय झालं ते दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून ऐक. रस्त्यात मोबाईलवर शूटिंग करणारी दोन पोरं होती, त्यामुळे फार दिवस लपून राहणार नाही.

मी सकाळीच निघाले. गाडीला हार घातला होता. नवी हिरवी साडी, केसात अबोली. डिकीत नारळांचं पोतं ठेवलं होतं, आपल्या अंगणातले नारळ, ओटीसाठी. माजिवड्याच्या पुलाखाली सिग्नल लागला. सिग्नल सुटला, मी गिअर टाकला, क्लच सोडला, आणि पाठीमागून धाडधाड आवाज. आरशात बघते तर रस्त्यावर नारळच नारळ. एक बसखाली गेला, एक रिक्षाच्या चाकाला लागून गरगरत घोडबंदरच्या दिशेने निघाला.

"ओ मावशी, तुमचा नारळ पडला!" एक रिक्षावाला ओरडला.

त्याच्या मागचा म्हणाला, "नारळ कसला पडला, अख्खं झाड पडलंय!"

ट्रॅफिक हवालदार शिट्टी वाजवत आला. त्याने डिकी उघडली, आत वाकला, आणि डिकीतून त्याला स्वतःचे बूट दिसले. मग म्हणाला, "मावशी, गाडीला तळ नाय."

मी म्हटलं, "सकाळी होता."

पण माणसं चांगली रे. हवालदाराने हात दाखवून गाड्या थांबवल्या, रिक्षावाल्यांनी नारळ गोळा केले, पुढच्या सीटवर आणून रचले. एकाने जाता जाता माझ्या बंपरसमोर एक फोडला आणि म्हणाला, "चला, पूजा झाली, आता कायपण होनार नाय." सगळे हसले. मीही हसले. मग गाडी वळवून घरी आले, पुढचं दार लावलं, आणि हिरव्या साडीतच पायरीवर बसून रडले.

डिकीचा तळ पापडासारखा मोडत होता, महिपत. हात लावला की तुकडा हातात. मग मी गाडीतलं रबरी पायपुसणं उचलून बघितलं. माझ्या पायांखालचा पत्राही लाल झाला आहे, बोटाने दाबला तर दबतो.

मी तिला काय कमी केलं ते मला कळत नाही. शब्द दिलाय पोरीला. लग्न वीस एप्रिलला आहे.

समृद्धीला हे सांगू नकोस. तिच्यासाठी माझा पाय मुरगळलेलाच राहू दे.

कांता


कोलशेत गाव
२३ फेब्रुवारी

महिपत,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. दीड वर्षाने भाऊ बहिणीला लिहितो ते काय, तर एक ओळ. ना मायना, ना सही.

"ताई, गाडी धुतेस कुठल्या पाण्याने?"

पहिल्या दिवशी मी ते कार्ड फ्रीजवर आपटलं. म्हटलं, बघा, माझी गाडी गेली, साखरपुडा गेला, आणि हा विचारतो पाणी कुठलं. गंगेचं! पाणी ते पाणी. नळाला सकाळी जेमतेम तासभर पाणी येतं, ते माणसांना पुरत नाही. गाडी बोअरच्या पाण्याने धुते, आणखी कशाने धुणार?

हे वाक्य मी मोठ्याने बोलले, स्वयंपाकघरात, एकटीच. आणि ते माझं मलाच ऐकू आलं.

ती बोअर तूच मारून घेतली होतीस, आठवतं? तू तेव्हा बँकेत नुकता लागला होतास, पहिल्या बोनसची बोअर. पाणी लागलं तेव्हा आपण सगळे नाचलो. बापूंनी ओंजळीत घेऊन जिभेला लावलं, थुंकले, आणि पोट धरून हसले. "मिठागर सुटला, पन मीठ काय आपल्याला सोडत नाय!" त्या दिवसापासून ते पाणी फक्त लादीला आणि संडासाला. बापू गाडी कधीच धुवायचे नाहीत. नळाचं पाणी लहान तांब्यात घ्यायचे, फडकं ओलं करून पिळायचे आणि पुसायचे. पावसाळ्याआधी गाडीखाली शिरून जळकं ऑइल मारायचे, मग आठवडाभर त्यांच्या अंगाला गॅरेजचा वास यायचा आणि आई जेवायला लांब बसवायची. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. मला वाटायचं म्हातारा पाण्याची काटकसर करतो.

मी बोअरवर गेले आणि जिभेला पाणी लावलं. मग एक परात भरून गच्चीत उन्हात ठेवली. पाणी आटलं की पुन्हा भरली, असं आठवडाभर. काल परातीच्या तळाला पांढरी साय धरली. नखाने खरवडली तर कुरकुर आवाज. वाटीभर जमलं. आवडाआत्या वरती पापड वाळवायला आली होती. तिने चिमूट उचलून जिभेवर ठेवली, डोळे मिटले. उभं आयुष्य मिठागरात गेलं तिचं. म्हणाली, "यो त परशाचा मीठ हाय गो! कनाला काढतंस?"

कशाला काढते ते मी काय सांगणार तिला? की परशुराम भोईरच्या लेकीने, मिठागरावर वाढलेल्या बाईने, बापाच्या गाडीला अडीच वर्षं रोज मिठाच्या पाण्याने आंघोळ घातली? आणि वरून ताडपत्री आवळून बांधली, ओल बाहेर जाऊ नये म्हणून? लोणचंसुद्धा मी इतक्या काळजीने घालत नाही.

हसू नकोस. बरं, हस. मीही हसले, आत्या हसली, मग मला पुन्हा रडू आलं.

तुला खरं सांगते. बापू गेल्यावर सकाळी उठून चहा कोणाला द्यायचा हा प्रश्न होता. मी दोन कप करायची आणि एक ओतून द्यायची. मग गाडी धुवायला लागले. तेवढा वेळ कोणाचं तरी करतेय असं वाटायचं.

तर गंजाचं तुझं खरं होतं. भंगाराचं मात्र खरं नव्हतं, तिथे मी अजून ठाम आहे. मी माजिवड्याच्या सुदेशला बोलावलं, पत्र्याचं काम करतो तो. त्याने गाडीखाली टॉर्च मारला आणि म्हणाला, "मावशी, वरचा अंग चांगलाय. खालचा सडलेला कापायचा, नवीन पत्रा मारायचा. होईल. पण बाजूला कोणीतरी बसायला पायजे, मी एकटा असलो की माझा फोन लय वाजतो."

मी बसेन बाजूला. पण मला त्यातलं काही कळत नाही हे आता जगजाहीर झालं आहे.

तुझी ताई


कोलशेत गाव
१७ मार्च

महिपत,

काल तू आलास. मी दार उघडलं तर तू हातात पिशवी घेऊन उभा. रेड ऑक्साइडचा डबा, ब्रश, पॉलिश पेपर आणि बापूंचा तो निळा शर्ट, बाहीला ऑइलचे डाग असलेला. तो मी इतके दिवस शोधत होते! तू चोरलास होय.

दिवसभर तू गाडीखाली होतास आणि माझ्याशी एकूण बोललास ते असं: "पाना दे." "हा नाही, मोठा." "चहात साखर कमी." गाडीशी मात्र भरपूर बोलत होतास. "काय करून घेतलंस ग स्वतःचं," असं तिला म्हणालास ते मी ऐकलं. मला लागावं म्हणून म्हणालास ना? लागलं.

सुदेशने दाराखालचं माझं एमसील स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं तेव्हाचं तुझं तोंड मी मरेपर्यंत विसरणार नाही. दारातून पाण्याची धार लागली ती थांबेचना. मग दुसरं दार. मग तिसरं. ती भोकं पाणी बाहेर जाण्यासाठी असतात हे गाडी बनवणाऱ्यांनी वर लिहून ठेवायला काय झालं होतं? सुदेश म्हणाला, "मावशी, ह्यात कोलंबी सोडली असती तर आज मोठी झाली असती." आणि तू हसलास. गाडीखालून हसलास, तोंड दिसलं नाही, पण तुझे पाय हलत होते. लहानपणी पलंगाखाली लपून हसायचास तेव्हाही असेच हलायचे.

सडलेला पत्रा कापून काढला तेव्हा गाडीतून अंगण दिसत होतं. संध्याकाळपर्यंत तिथे नवा पत्रा आला, वेल्डिंग झालं, वर तुझा लाल रंग. तू प्रत्येक सांधा स्वतः भरलास, सुदेशला हात लावू दिला नाहीस. खालून काळा कोट पुढच्या रविवारी, दारांच्या आत मेण मारायचं, ताडपत्री कायमची बंद, वरून फक्त जुनी सुती चादर. हे सगळं तू सुदेशला सांगितलंस, मी शेजारी उभी असताना. तरी मी ऐकलं आणि लक्षात ठेवलं.

आणि मग जाताना तू त्याला म्हणालास, "लग्नाच्या दिवशी गाडीला ड्रायव्हर बघ एखादा, ओळखीतला."

मी स्वयंपाकघरात होते. माझ्या हातात तुझ्यासाठी बांधलेला तांदळाच्या भाकऱ्यांचा डबा होता. तो मी तुला दिला नाही, तुझ्या लक्षात आलं असेल. त्या आज सुदेशने खाल्ल्या.

ड्रायव्हर कशाला, महिपत? मी मेले आहे का? मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मला माणकोलीच्या पुलावरून डोंबिवलीच्या बिल्डिंगांची नावं वाचता येतात. मी सुदेशला खोदून विचारलं, तो म्हणाला, "दादा बोलले, घरातली मोठी बाई आहे, लग्नात लोकांसमोर ड्रायव्हरच्या सीटवर बरी दिसत नाय. तिला मानाने बसू दे."

तू मनाने चांगलंच म्हणालास, मला कळतं. म्हणून भांडत नाही, सांगते. एकदाच सांगते.

आपल्या घरातल्या सगळ्या मुली त्या गाडीतून गेल्या. मी गेले नाही. माझं जमलं नाही, आणि मग एका वयानंतर मीच जमवायचं बंद केलं. त्याचं मला आता काही वाटत नाही. तेव्हा वाटायचं. लोक घरी यायचे, मला बघायचे, आणि हळू आवाजात बोलायचे. तेव्हा एके दिवशी बापूंनी मला गाडीत उजव्या बाजूला बसवलं, कोलशेतच्या खाडीच्या रस्त्यावर नेलं आणि म्हणाले, "चल, गिअर टाक." बस, एवढंच. दगडूकाकाच्या मोठीला सासरी मी नेलं. धाकट्या दोघींना मी नेलं. ऋजुता रस्ताभर रडत होती, तिला वाटेत उसाचा रस मी पाजला. प्रत्येक वेळी सगळे नवरीकडे बघत होते, आणि बापू माझ्याकडे बघत होते.

मला मानाने बसवायचं आहे ना? मग माझी मानाची जागा तीच आहे. दुसरीकडे कुठे बसवलंस तर मी येईन, जेवेन, हसेन. पण तुला आयुष्यभर माफ करणार नाही. हे मी शांतपणे लिहिते आहे, अक्षर बघ.

ताई


कोलशेत गाव
८ एप्रिल

महिपत,

चिठ्ठी मिळाली. समृद्धीच घेऊन आली, आणि माझ्यासमोर उभी राहून मी वाचेपर्यंत हलली नाही.

"चाळीसच्या वर नाही. पुलावर ओव्हरटेक नाही. हॉर्न कमी. आदल्या दिवशी हवा तपासून घे."

मी दोनदा वाचली. मग समृद्धीला म्हटलं, "ह्यात परवानगी कुठे आहे?" ती म्हणाली, "आत्या, पप्पा मला पण असंच बोलतात. मी ऋतुराजचं सांगितलं तेव्हा म्हणाले, कल्याणला पाण्याचा प्रॉब्लेम असतो, टाकी किती लिटरची आहे विचार. मम्मी म्हणाली, झालं, हो बोलले." मग आम्ही दोघी इतक्या हसलो की आवडाआत्या काठी टेकत आली, कोण पडलं बघायला.

तिला सगळं सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, "महिपत भंगारवाला कनाला आणलेला ठाव हाय ना?" मी म्हटलं, नाही. तर म्हणे श्राद्धाच्या सकाळी तू गाडीखाली वाकून बघितलंस, आणि पांढरा पडून आत्याजवळ जाऊन बसलास. तिला म्हणालास, ताईच्या पायांखालचा पत्रा एक दिवस जाईल, आणि ही हायवेवर असेल.

अरे, मग मला सांगायला काय झालं होतं? "ताई, तुझी काळजी वाटते," चार शब्द. पोस्टकार्डावर मावतात. त्याऐवजी टेम्पो आणलास! पण मीही ऐकून घेतलं असतं का, हाही प्रश्न आहे. दांडा माझ्याच हातात होता.

गाडी बघशील तर ओळखणार नाहीस. सुदेशने बाहेरून लांबी, म्हणजे ती पुट्टी, भरून घासून पांढरा रंग दिला, आरशासारखा नाही झाला, पण धुतलेल्या सदऱ्यासारखा झाला आहे. दारं उघडली तर मेणाचा वास येतो. डचमळणं बंद. मी रोज सकाळी तांब्याभर नळाचं पाणी घेते, फडकं पिळते आणि पुसते. उरलेला वेळ तिच्याशेजारी खुर्ची टाकून चहा पिते. खाली वाकून टॉर्चही मारते. मला आता सांधे ओळखता येतात, तू भरलेले आणि सुदेशने भरलेले.

समृद्धीबरोबर एक बरणी पाठवली आहे. त्यात गच्चीवरचं मीठ आहे, बोअरचं. खायचं नाही. पोरीची दृष्ट काढायला ठेव, निघायच्या वेळी मोहऱ्यांबरोबर. ज्याने गाडी खाल्ली त्याने निदान नजर तरी खावी. रतनला सांग, मूठ घट्ट धर म्हणावं.

तुझी ताई


कोलशेत गाव
२२ एप्रिल

महिपत,

आता तू फोन उचलतोस. काल तीनदा उचललास, एकदा तर मी लावायच्या आधीच तुझा आला. तरी हे पत्र लिहिते आहे, कारण फोनवर ही गोष्ट मला बोलता येणार नाही आणि तुला ऐकता येणार नाही.

लग्न छान झालं. जेवणावळीत तुझ्या व्याह्यांनी तीनदा विचारलं, "पाय आता बरा आहे ना?" मी लंगडून दाखवलं. हॉलच्या बाहेर गाडी सजवताना तू फुलवाल्याशी भांडत होतास तेही मी बघितलं. झेंडूच्या ओल्या माळांखाली तू सुती फडकी घालत होतास, पत्र्याला ओल लागू नये म्हणून. फुलवाला म्हणाला, "काका, ही गाडी आहे की नवरी?" तू म्हणालास, "दोन्ही तूच सांभाळ मग!" तुझ्या त्या उत्तराचा अर्थ त्याला कळला नाही, मलाही कळला नाही.

मग निघायची वेळ झाली. समृद्धी आणि ऋतुराज मागे बसले. मी उजवीकडे, तीच हिरवी साडी, केसात अबोली. रतन दृष्ट काढायला पुढे आली, पण तिला लेकीकडे बघून असा हुंदका आला की मीठ-मोहऱ्या तिच्या हातात राहीनात. तेव्हा त्या तू घेतल्यास. सगळ्या बायका बघत राहिल्या. आपल्या घरात पुरुषाने दृष्ट काढल्याचं कोणी बघितलेलं नाही. तू समृद्धीची काढलीस, जावयाची काढलीस, त्याचा चष्मा पडता पडता राहिला.

मग तू बॉनेटला वळसा घालून माझ्या बाजूला आलास. म्हणालास, "काच खाली घे."

मला वाटलं, पुन्हा चाळीसचं सांगणार. मी म्हटलं, "माहितीय रे, चाळीस."

तू मूठ खिडकीतून आत घातलीस आणि माझ्या तोंडावरून फिरवलीस. तुला शब्द येत नव्हते, तू तुझेच जुळवत होतास. "आल्यागेल्याची, शेजारपाजारची, डोंबिवलीची, कोलशेतची..." आणि मग अगदी हळू, "भंगारवाल्याची. निघून जाऊ दे."

महिपत, इतक्या नवऱ्या मी त्या गाडीतून नेल्या. दर वेळी बायका यायच्या, मागच्या काचेतून हात घालायच्या, मागे बसलेलीची दृष्ट काढायच्या. मी पुढे बसून आरशात बघायची आणि थांबायची, त्यांचं आटपेपर्यंत. माझ्याकडे ती मूठ कधी आली नाही. यायचं काही कारणही नव्हतं. मला त्याचं वाईट वाटत होतं हे मला स्वतःला परवाच कळलं, तुझा हात माझ्या तोंडासमोर आला तेव्हा.

मी लगेच गाडी काढली कारण मला तुझ्यासमोर रडायचं नव्हतं. कल्याणपर्यंत पस्तीसच्या वर गेले नाही, मागची वाहनं काय काय म्हणत होती ते लिहीत नाही. पत्रीपुलावर समृद्धीने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आत्या, नवरी मी आहे, तू का रडतेस?" ऋतुराजने खिशातून रुमाल काढून पुढे दिला. मुलगा चांगला आहे. रुमाल धुतलेला होता.

खालून टॉर्च मारून बघितलं. सगळे सांधे कोरडे आहेत.

एकच विचारायचं राहिलं. दृष्ट काढल्यावर ते मीठ तू फेकलंस कुठे? गाडीच्या आसपास नाही ना? चाकांवर नाही ना? हॉलच्या फाटकाजवळ फेकलं असशील तर मी त्यावरूनच गाडी काढली असेन, आणि मला आज पुन्हा खाली शिरावं लागेल.

ह्याचं उत्तर पत्राने दे, नीट, मायना आणि सही घालून. फोन केलास तर मी उलटा ठेवीन.

तुझी ताई